वॉर्ड आणि वर्ग यांच्यामधला शिक्षक

साशंक : परिचर्येचे शिक्षण पदविकेकडून विद्यापीठीय पदवीकडे न्यावे, या भूमिकेला तत्त्वतः विरोध करणारे आता फार थोडे उरले आहेत, आणि येथेही तो विरोध अभिप्रेत नाही. अडचण आहे ती शिकवणार कोण, या प्रश्नाची. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून १५७ नवी नर्सिंग महाविद्यालये काढण्यास मंजुरी दिली, त्यासाठी १,५७० कोटी रुपयांची तरतूद केली आणि त्यांतून दरवर्षी सुमारे १५,७०० पदवीधर बाहेर पडतील, असे सांगितले. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक लागतो. शंभर जागांच्या एका महाविद्यालयाची चारही वर्षे भरली की विद्यार्थी चारशे होतात आणि शिक्षक चाळीस लागतात, म्हणजे एवढ्या एका योजनेसाठीच सहा हजारांवर शिक्षक हवेत. इमारत दोन-तीन वर्षांत उभी राहते, यंत्रसामग्री निविदा काढून विकत घेता येते. शिक्षक मात्र बारावीनंतर चार वर्षे बी.एस्सी., एक वर्षाचा अनुभव आणि दोन वर्षे एम.एस्सी. या क्रमाने तयार होतो. पंचविशीला आलेली ही शिक्षिका नियमाच्या दृष्टीने पूर्ण पात्र असते, पण नोकरीतली परिचारिका म्हणून वॉर्डात तिने काढलेले असते ते एक वर्ष.

एका वर्षाने काय बिघडते, हे पाहायचे असेल तर बाळंतपणानंतरचा पहिला तास घ्यावा. वार पडलेली असते, बाळ आईच्या अंगावर दिलेले असते आणि खोलीतल्या सगळ्यांचे लक्ष बाळाकडे लागलेले असते. त्या वेळी दर पंधरा मिनिटांनी बाळंतिणीच्या पोटावर तळहात ठेवून गर्भाशय आवळलेले आहे की सैल पडले आहे, हे पाहावे लागते. आवळलेले असेल तर बेंबीच्या आसपास कठीण गोळा हाताला लागतो. सैल असेल तर हात नुसताच दबत जातो आणि गोळा सापडत नाही. रक्त खालच्या कापडात मुरत राहते, म्हणून डोळ्यांना ते असते त्याहून कमी दिसते, आणि ‘डोळ्यांपुढे अंधारी येतेय’ असे ती बाई म्हणेपर्यंत बराच वेळ हातचा गेलेला असतो. पाठ्यपुस्तकात हा मजकूर चार ओळींचा आहे. तो हाताला कळायचा तर विद्यार्थिनीचा हात स्वतःच्या हाताखाली घेऊन हे घट्ट, हे सैल, असे दाखवणारी कोणीतरी लागते, आणि जिने स्वतः अशी थोडीच पोटे पाहिली आहेत, ती दाखवणार तरी किती? पदवीकडे जाण्याच्या घाईत शिक्षकाची पदवी वाढली आणि त्याच्या हाताचा अनुभव घटला, तर या बदलाने साधले काय, याचे उत्तर बदलाचा आग्रह धरणाऱ्यांनी द्यायला हवे.

आग्रही : हाताचा अनुभव ज्या व्यवस्थेत भरपूर होता, ती व्यवस्था शिक्षणाशी कशी वागत होती, हेही पाहावे लागेल. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० साली नाइटिंगेल यांची शाळा निघाली, तेव्हापासून जगभर परिचारिकांचे शिक्षण रुग्णालयाच्या आवारात, रुग्णालयाच्या खर्चाने आणि म्हणूनच रुग्णालयाच्या सोयीने चालले. महाराष्ट्रातही तोच मार्ग होता. मिरजेच्या मिशन रुग्णालयात डॉ. वॉन्लेस यांच्या काळात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. पुढे रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्याच्या सेवासदनाने विधवा आणि गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात या शिक्षणासाठी पाठवले, आणि घरोघरच्या विरोधाला तोंड देऊन पाठवले. त्या स्त्रियांचे ऋण मोठे आहे. पण रुग्णालयीन शाळेतली विद्यार्थिनी ही आधी पाळीतली कामगार आणि उरलेल्या वेळात विद्यार्थिनी असे, हेही तितकेच खरे आहे. पाठ्यनिर्देशिका, म्हणजे या शाळेत शिकवणारी परिचारिका, अधिसेविकेच्या, म्हणजे मेट्रनच्या, अखत्यारीत काम करी; रात्रपाळीला माणूस कमी पडले की विद्यार्थिनी वॉर्डात जात आणि दुसऱ्या दिवशीचा तास बुडे. ज्या शिक्षकाला स्वतःचा तास राखता येत नाही, त्याच्या गाठी वीस वर्षांचा अनुभव असला तरी तो अनुभव विद्यार्थ्यापर्यंत पोहोचण्याची हमी कोणीच देऊ शकत नाही.

देशाच्या आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात देशात परिचारिका अवघ्या ७,००० असल्याचे, म्हणजे सुमारे ४३,००० लोकांमागे एक असल्याचे नोंदवले, आणि त्याच अहवालात विद्यापीठीय पदवीचीही मागणी केली. संख्येचा एवढा दुष्काळ दिसत असताना समितीने पदवीचा विचार पुढे ढकलला नाही, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ साली निघाले. राज्यातील आरोग्यशिक्षण एका छत्राखाली आणणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला १९९८ साली स्थापन झाले. मराठवाड्याची गोष्ट आणखी उशिराची आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता, आणि ज्याला सगळा मराठवाडा ‘घाटी’ म्हणून ओळखतो ते छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय १९५६ सालचे. जे इतरत्र पाऊणशे वर्षांपूर्वी सुरू झाले ते येथे पोहोचत असताना ‘शिक्षक तयार नाहीत, थांबा’ असे सांगितले गेले, तर थांबायचे ते पुन्हा याच भागातल्या मुलींनी.

शिवाय पदवीचा परिणाम रुग्णाच्या जगण्या-मरण्यावर होतो, याला आधार आहे. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २०१४ साली युरोपातील नऊ देशांमधल्या ३०० रुग्णालयांचा आणि शस्त्रक्रिया झालेल्या सव्वाचार लाखांच्या आसपास रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी अधिक असेल तेथे दाखल झाल्यापासून ३० दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी कमी असल्याचे त्यात आढळले. अनुभव नको, असे कोणी म्हणत नाही. परंतु रुग्णाची ढासळती स्थिती वेळेत ओळखणे, नोंदींचा अर्थ लावणे आणि डॉक्टरांना नेमके काय कळवायचे ते ठरवणे यांसाठी जो विचार लागतो, तो पदवीच्या शिक्षणात जोपासला जातो.

साशंक : त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्षही तितक्याच ठळकपणे सांगायला हवा. एका परिचारिकेच्या वाट्याला एक रुग्ण जास्त आला की तीच शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे पदवीने कमावलेले माणसांच्या तुटवड्याने गमावता येते. अध्यापन रुग्णालयातल्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असा परिचर्या परिषदेचा निकष आहे; घाटीसारख्या अकराशेहून अधिक मंजूर खाटांच्या आणि आसपासच्या जिल्ह्यांचा भार वाहणाऱ्या रुग्णालयात एका पाळीत एका अधिपरिचारिकेकडे किती रुग्ण असतात, हे तेथे नातेवाईक म्हणून एक रात्र काढलेल्या माणसाला ठाऊक असते.

याचा संबंध शिक्षकाच्या घडणीशी थेट येतो. महाविद्यालयाच्या कौशल्य-प्रयोगशाळेत पुतळ्यावर शिरेत सुई घालायला शिकवतात, तेव्हा हात धुण्यापासून सुईवर तारीख-वेळ लिहिण्यापर्यंत प्रत्येक पायरी क्रमाने होते. तीच विद्यार्थिनी वॉर्डात गेली की एका ट्रेवर सहा जणांचे साहित्य, हातमोजे संपत आलेले आणि पुढच्या खाटेवरून येणारी हाक, अशा परिस्थितीत तेच काम होताना पाहते. हळूहळू तिच्या मनात दोन परिचर्या तयार होतात : एक परीक्षेची, एक ड्यूटीची. गर्दीतही कोणती पायरी कधीच गाळायची नाही आणि कोणती आटोपती घेतली तरी रुग्णाला धोका नाही, हा विवेक शिकवायला गर्दीत काम केलेला शिक्षक लागतो. ज्याने फक्त प्रयोगशाळेत शिकवले तो ‘सगळे नियमाप्रमाणे करा’ एवढेच सांगू शकतो, आणि ते तेथे शक्य नाही हे विद्यार्थिनीला पहिल्या आठवड्यातच कळते. त्यानंतर ती शिक्षकाचे ऐकते ते गुणांपुरते.

येथे वाद क्षणभर थांबवून शिक्षक घडवण्याची आजची रीत नोंदवणे आवश्यक आहे, कारण दोन्ही पक्ष तिच्याविषयी बोलत असूनही तिचा तपशील मांडत नाहीत. जीएनएम, म्हणजे सामान्य परिचर्या व प्रसविका ही पदविका, तीन वर्षांची आहे. ती घेतलेल्या परिचारिकेला दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. अभ्यासक्रम करून पदवी मिळते आणि तेथून पुढे दोन वर्षांच्या एम.एस्सी.ला जाता येते. त्या एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षात शुश्रूषा शिक्षणशास्त्र हा विषय १५० तास वर्गात आणि १५० तास प्रत्यक्ष अध्यापनाच्या सरावात शिकवला जातो, तर निवडलेल्या विशेष शाखेसाठी, उदाहरणार्थ बालआरोग्य किंवा मनोविकार परिचर्येसाठी, त्याच वर्षी ६५० तास रुग्णालयात द्यायचे असतात. कागदावर ही वाटणी वाईट नाही. मात्र अध्यापनाचा सराव बहुतेक वेळा वर्गातल्या पाठाचा असतो : पाठाचे टाचण, फलक, प्रश्नोत्तरे, निरीक्षकाचा शेरा. रुग्णाच्या खाटेशी उभे राहून, रुग्णाचा मान राखत, दोन विद्यार्थिनींना एकाच वेळी कसे शिकवावे आणि चूक होते आहे असे दिसताच मध्ये कधी पडावे, याचा वेगळा सराव जवळपास नसतो. परिचर्येच्या शिक्षकाचे सर्वांत अवघड काम तेच आहे आणि त्याचीच तयारी सर्वांत थोडी होते. या लेखाच्या दृष्टीने साऱ्या वादातली ही सर्वांत दुखरी जागा होय.

आग्रही : ही उणीव मान्य केली तरी तिच्यावरचा उपाय अनुभवी परिचारिकेला थेट शिक्षक करणे हा ठरत नाही. अमेरिकेतील परिचर्या-अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली नवशिकेपणापासून तज्ज्ञतेपर्यंतच्या पाच पायऱ्या मांडल्या. त्यांचे एक निरीक्षण येथे फार उपयोगी आहे : तज्ज्ञ परिचारिका परिस्थिती एका नजरेत ओळखते आणि तिला ती कशी ओळखू आली, हे तिला अनेकदा सांगता येत नाही. नवशिकीला नियम लागतात. तज्ज्ञ नियम ओलांडून पुढे गेलेली असते. वॉर्डाची प्रमुख असलेली परिसेविका ‘या पेशंटकडे लक्ष ठेव गं, हा बरा दिसत नाही’ असे म्हणते आणि ते खरे ठरते. पण ‘बरा दिसत नाही’ म्हणजे श्वास वाढला, बोलणे तुटक झाले, त्वचा घामाने गार पडली की लघवी कमी झाली, हे सुटे करून दाखवले नाही तर विद्यार्थिनीच्या हाती काहीच लागत नाही. सुटे करून दाखवणे हेच अध्यापन, आणि ते शिकावे लागते. त्यासाठी शरीरक्रियेचे पक्के ज्ञान, संशोधन वाचण्याची सवय आणि दुसऱ्याचा गोंधळ नेमका कोठे झाला आहे ते ओळखण्याची तयारी लागते.

या दिशेने पावले पडलेली नाहीत, असेही नाही. बी.एस्सी. नर्सिंगचा सुधारित अभ्यासक्रम २०२१ साली राजपत्रात आला; त्यात आठ सत्रे आली, विद्यार्थ्याला काय माहीत आहे यापेक्षा काय करता येते यावर भर आला आणि ठरावीक वेळेत एकेका टेबलावर एकेक कौशल्य करून दाखवण्याची परीक्षा आली. प्रसविका सेवेबाबत केंद्राने २०१८ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतला क्रम तर अनुकरणीय आहे : आधी अनुभवी परिचारिकांमधून प्रसविका-शिक्षक निवडून त्यांना सहा महिने तयार करायचे, आणि मग त्यांच्या हाताखाली अठरा महिन्यांचा अभ्यासक्रम चालवायचा. आधी शिक्षक, मग तुकडी. पदवीच्या बाबतीत हा क्रम पाळला गेला, तर साशंकतेचे निम्मे कारण संपेल.

साशंक : क्रम पाळला जाईल असे मानले, तरी तो पाळण्याची किंमत कोण देणार, हे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गंगापूरसारख्या तालुक्यात उभे राहून पाहावे. तालुक्याच्या एका अंगाला वाळूजची औद्योगिक वसाहत, एका अंगाला गोदाकाठची कायगावकडची गावे, रेल्वेवरचे लासूर स्टेशन आणि या सर्वांच्या मध्ये कापूस, मका, ऊस. या गावांमधल्या अनेक मुली बारावी करतात त्या कला शाखेतून, कारण विज्ञान शाखेचा खर्च, शिकवणी आणि रोजचा प्रवास घराला झेपत नाही. जीएनएमला कोणत्याही शाखेची बारावी चालते. पदवीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागते. जीएनएम टप्प्याटप्प्याने बंद करावी, असा विचार परिचर्या परिषदेने पूर्वी मांडला होता. पदविका अजून चालू आहे, पण विचार गेलेला नाही. ज्या दिवशी तो अमलात येईल, त्या दिवशी परिचर्येचा दरवाजा या मुलींपुरता बंद होईल. आणि उद्याच्या शिक्षिकाही आजच्या विद्यार्थिनींमधूनच येतात. ज्या शिक्षिकेला तालुक्यातल्या बाईचे दुखणे सांगायच्या आधी न सांगता कळते, ती शिक्षिका या वाटेने यायची बंद होईल.

भाषेचा प्रश्न याला जोडूनच येतो. विद्यापीठाची पुस्तके इंग्रजीत आणि उत्तरपत्रिकाही इंग्रजीत. बाळंतीण मात्र मराठीत बोलते, शहरात दखनीत बोलते, कन्नड तालुक्याकडून आली असेल तर बंजारांच्या गोरमाटीत बोलते. मराठी माध्यमातून आलेली विद्यार्थिनी पहिल्या वर्षी शरीररचनेचे धडे अर्थ न कळताच पाठ करते आणि शिक्षिकाही अनेकदा ‘हे लिहून घ्या’ एवढ्यावर थांबते, कारण तिलाही कोणी याहून वेगळे शिकवलेले नसते. शिक्षकाच्या तयारीत दोन भाषांमधून शिकवण्याचा एक तासही नाही. वर, शिक्षकांची गरज एकदम वाढली की कागदावरचे शिक्षक निर्माण होतात. मध्य प्रदेशात नर्सिंग महाविद्यालयांची चौकशी उच्च न्यायालयाला केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवावी लागली, हे फार जुने नाही.

आग्रही : कला शाखेच्या मुलीचा मुद्दा असा आहे की त्यावर नुसते ‘शिडी आहे’ असे उत्तर देऊन भागणार नाही. पोस्ट बेसिकची शिडी आहे, पण तिच्यासाठी नोकरीतून दोन वर्षांची रजा, त्या काळातले वेतन आणि शहरात राहण्याची सोय लागते. मूल लहान असलेल्या परिचारिकेला यांतले एकही जमले नाही तर शिडी भिंतीला लावलेलीच राहते. म्हणून पदविका बंद करण्याआधी विज्ञानाचे एक पायाभूत वर्ष सरकारी खर्चाने देण्याची व्यवस्था हवी, आणि ती होईपर्यंत पदविका चालू राहावी, हे मान्य करायला हरकत नाही. भाषेविषयी तर मतभेदच नाही. विद्यार्थिनीने टिपण इंग्रजीत लिहावे आणि त्याच खाटेशी रुग्णाला मराठीत समजावून सांगावे, अशी दुहेरी परीक्षा शिक्षकांच्या प्रशिक्षणात सहज घालता येईल.

मात्र एक निष्कर्ष स्वीकारता येत नाही. अनुभव वॉर्डात आहे आणि अध्यापनाची विद्या महाविद्यालयात आहे, एवढ्यावरून महाविद्यालयाने वॉर्डाकडे परत जावे, असे ठरत नाही. जगात हा बदल जेथे जेथे झाला तेथे ही फाळणी झालीच. ऑस्ट्रेलियात १९८४ साली सरकारने निर्णय घेतला आणि सुमारे दहा वर्षांत सगळे शिक्षण रुग्णालयांतून बाहेर आले. इंग्लंडमध्ये २०१३ पासून नव्या परिचारिकेला पदवीखेरीज वाट राहिली नाही. दोन्हीकडे रुग्णालयातल्या जुन्या शिक्षकांना शिकवता शिकवता पदव्या घ्याव्या लागल्या, आणि दोन्हीकडे शिक्षक वॉर्डापासून तुटला, ही तक्रार उठली. त्यावर शोधलेले उत्तर परत फिरण्याचे नव्हते. अमेरिकेत रोचेस्टर विद्यापीठात लॉरेटा फोर्ड १९७२ साली अधिष्ठाता झाल्या, तेव्हा परिचर्या महाविद्यालय आणि रुग्णालयाची परिचर्या सेवा एकाच नेतृत्वाखाली आणण्यात आल्या. शिकवणारे रुग्णसेवेलाही बांधील आणि सेवा देणारे अध्यापनालाही. ऑक्सफर्डमध्ये वॉर्ड आणि वर्ग दोन्हीकडे पद असलेले शिक्षक नेमले गेले. आणि परदेशाचेच दाखले द्यावेत असेही नाही : वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात परिचर्येचे अध्यापक रुग्णसेवेचीही जबाबदारी सांभाळतात, ही तेथली जुनी रीत आहे. तीच येथे आणता येईल. घाटीतल्या निवडक परिसेविकांना अध्यापनाचे प्रशिक्षण, मानधन आणि विद्यापीठाची मान्यता देऊन शिक्षक करावे. महाविद्यालयातल्या प्रत्येक अध्यापकाने आठवड्यातले ठरावीक दिवस वॉर्डात, रुग्णांची जबाबदारी घेऊन काढावेत. आणि पंचविशीतल्या नव्या शिक्षिकेने पहिली दोन वर्षे अशा परिसेविकेसोबत काम करावे. अनुभव आणि विद्या एका माणसात एकत्र यायला वीस वर्षे लागत असतील, तर ती तोपर्यंत दोन माणसांच्या जोडीत एकत्र आणावी.

साशंक : जोडीची कल्पना आजच्या चर्चेतली सर्वांत आशादायक आहे आणि म्हणूनच तिच्याकडे कठोरपणे पाहायला हवे. वेल्लोरमध्ये महाविद्यालय आणि रुग्णालय एकाच संस्थेचे आहेत. येथे घाटी आणि तिच्याशी जोडलेले पदवी-शिक्षण वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. गंगापूरचे सरकारी रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे सार्वजनिक आरोग्य विभागाच्या आणि जिल्हा परिषदेच्या यंत्रणेकडे. पदवीची परीक्षा नाशिकच्या विद्यापीठाकडे. पदविकेची परीक्षा शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाकडे. नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे. घाटीपुरती जोडी एका विभागात बसेलही. पण पदवीधर परिचारिका उद्या काम करणार आहे ते जेथे डॉक्टर फोनवर असतो आणि ‘घाटीला रेफर’ करण्याचा निर्णय तिच्या सांगण्यावर ठरतो, अशा ठिकाणी. गंगापूरच्या रुग्णालयातल्या अनुभवी परिसेविकेला महाविद्यालयाची शिक्षिका करायचे, तर तिची सेवाज्येष्ठता कोणत्या यादीत धरणार? तिची बदली झाली तर विद्यार्थिनींचे काय? आणि महाविद्यालयाच्या अध्यापिकेने त्या प्रसूतिकक्षात रात्री दोन वाजता, पोटावर हात ठेवून, गर्भाशय सैल आहे असे ठरवले, ऑक्सिटोसिन द्यायला लावले आणि रुग्णवाहिका बोलावली, पण बाई वाचली नाही, तर चौकशीत उत्तर द्यायचे ते महाविद्यालयाने की रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांनी? ज्या शिक्षकाच्या निर्णयामागे कोणतेही कार्यालय उभे नाही, तो निर्णय घेणार नाही. तो बाजूला उभा राहून विद्यार्थिनींच्या कार्यनोंदवहीवर सह्या करील. आज बहुतेक ठिकाणी तेच होते.

आग्रही : म्हणजे अडचण शिक्षकाच्या पात्रतेवरून सरकून त्याच्या अधिकारावर आली आहे, आणि हे सरकणे महत्त्वाचे आहे. पदवी, पदव्युत्तर शिक्षण, प्रशिक्षणाचे तास यांची मोजणी सगळे करतात. शिक्षकाला वॉर्डात कोणत्या रुग्णाची जबाबदारी आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संमत झाला आहे. त्याखाली नियम होतील तेव्हा शिक्षकाच्या वॉर्डातल्या जबाबदारीची तरतूद त्यांत असावी, ही मागणी आताच लावून धरता येईल. दोन विभागांच्या संयुक्त नेमणुकीला शासन निर्णय लागेल, हे खरे. पण तो होईपर्यंत थांबायचे म्हटले तर आज पहिल्या सत्रात बसलेली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडेल आणि तिच्यातल्या काही जणी सात वर्षांनी, याच कमतरतेसह, शिक्षिका होऊन परत येतील.

साशंक : थांबावे, असे म्हणणे नाही. सुरुवात कोठे करावी, हेच ठरत नाही. घाटीत रोज इतकी बाळंतपणे होतात की विद्यार्थिनीला महिन्याभरात पुष्कळ काही पाहायला मिळेल. पण तेथे एका खाटेभोवती डॉक्टरकीचे विद्यार्थी, परिचर्येचे विद्यार्थी आणि नातेवाईक एकदम उभे असतात, आणि शिक्षिकेने तिचा हात धरून पोटावर ठेवावा एवढी उसंत कोणाला नसते. गंगापूरच्या रुग्णालयात ती उसंत आहे, परिसेविका विद्यार्थिनीला नावाने ओळखेल, बाळंतिणीशी तिच्या भाषेत बोलेल. पण रक्तस्रावाची गुंतागुंत तेथे क्वचितच समोर येईल, आणि आली तर पहिल्या काही मिनिटांतच तिला घाटीकडे रवाना करावे लागेल. जेथे शिकण्यासारखे रुग्ण आहेत तेथे शिकवायला वेळ नाही, आणि जेथे वेळ आहे तेथे ते रुग्ण नाहीत.

आग्रही : म्हणूनच शिक्षिकेने रुग्णासोबत जावे. गंगापुरात जिच्या पोटावर विद्यार्थिनीने हात ठेवला, ती बाई रेफर झाली तर शिक्षिका आणि विद्यार्थिनी त्याच रुग्णवाहिकेत बसाव्यात, वाटेत गर्भाशय चोळत राहावे, नाडी आणि रक्तदाब लिहीत राहावे आणि घाटीच्या दारात त्यांनीच सगळी हकीकत सांगावी. चाळीसएक किलोमीटरच्या त्या वाटेत जे शिकता येईल, ते दोन्हीकडच्या वॉर्डांत मिळून शिकता येणार नाही.

साशंक : आणि त्या वेळी गंगापुरात मागे राहिलेल्या नऊ विद्यार्थिनींपाशी कोण असेल?